लाईन

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात ‘लाईन’ या शब्दाचा पहिला अर्थ वीज हाच होता. रात्री साडेदहाला ‘लाईन आली’ अशी हाक ऐकू आली की वडील बॅटरी घेऊन, उसाला पाणी पाजण्यासाठी विहिरीवरची मोटार चालू करायला निघत. रेशन दुकानापुढची लाईन म्हणजे रांग आणि मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी लाईन म्हणजे रेल्वेमार्ग, हे अर्थ ओघाने आले. गोलंदाजाची लाईन वेगळी, फोनवरची वेगळी, मुलाने धरलेली वाईट लाईन त्याहून वेगळी. आणि कॉलेजच्या कट्ट्यावर जी ‘मारली’ जाते, ती मूळ इंग्रजी भाषकाला चटकन उमगेल असे मला वाटत नाही.

इतके अर्थ एकाच शब्दात कसे मावले, याचा उलगडा व्युत्पत्तीत होतो. लॅटिनमध्ये ‘लिनिया’ म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा, कारण ‘लिनम’ म्हणजे जवस. ताणलेल्या दोऱ्यावरून सरळ रेघ आणि रेघेवरून रांग, मार्ग, तार असा अर्थविस्तार झाला. लिनन हे कापडाचे नावही त्याच कुळातले. आमच्याकडे मात्र जवस खलबत्त्यात लसूण-मिरचीबरोबर कुटला जातो, आणि ती चटणी भाकरीवर घेताना वीजवाहिनी कुणालाच आठवत नाही.