जम्बो फ्रेम अपडेट: पॅकेट टॅपवर मरत होतं

घरच्या लॅबमध्ये जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटांऐवजी ९००० बाइटांची पॅकेटं) वापरताना एनएफएस (नेटवर्कवरून फायली वाचायची सोय) अडकायचं, ते कोडं सुटलं! गेस्टमधून (होस्ट मशीनवर चालणारं व्हीएम, म्हणजे आभासी संगणक) मोठ्या फोल्डरवर एलएस मारलं (फायलींची यादी मागितली) की टर्मिनल गोठायचं, छोट्या फायली मात्र सुसाट. त्यातही एखाद्या रीबूटनंतर सगळं सुरळीत, एखाद्यानंतर पुन्हा तेच. नॅस (फायली ठेवणारं नेटवर्कवरचं स्टोरेज), होस्टचं कार्ड, गेस्ट, सगळीकडे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ९०००.

आधी बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) आणलेल्या स्विचवर संशय होता. होस्टवरून नॅसला 'फोडू नको' सांगून ८९७२ बाइटांचं पिंग टाकलं (९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी, म्हणजे पिंगच्या प्रोटोकॉलच्या, हेडरचे ८ वजा) आणि उत्तर लगेच आलं. साधा अनमॅनेज्ड स्विच, पण चोख काम करतो. मी तरी घरच्या लॅबसाठी महागडा घ्यायला सांगणार नाही.

गेस्टवरून तेच पिंग गप्प. मग दोन ठिकाणी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावला. विनंती बाहेर जात होती, नॅसचं उत्तर होस्टच्या कार्डापर्यंत येतही होतं. व्हीनेटवर, म्हणजे गेस्टला होस्टच्या ब्रिजशी (आभासी स्विचशी) जोडणाऱ्या टॅपवर, मात्र काहीच नाही. त्या टॅपचा एमटीयू पाहिला तर १५००!

खरी मेख इथे आहे. व्हीएमच्या नेटवर्क इंटरफेसच्या एक्सएमएल सेटिंगमध्ये एमटीयू दिला नसेल तर लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) नवा टॅप ब्रिजच्या त्या घडीच्या एमटीयूवर बनवतं. आणि ब्रिज आपला एमटीयू सगळ्या पोर्टांमधल्या सर्वांत लहान आकड्यावर आणतो. बाहेरच्या नेटसाठी ठेवलेल्या जुन्या व्हीएमला एक्सएमएलमध्येच १५०० दिलेला आहे. ते आधी सुरू झालं की ब्रिज १५००वर, आणि त्यानंतर उठलेलं प्रत्येक व्हीएम १५००चा टॅप घेऊन येतं. नंतर जुनं बंद केलं तरी बाकीचे टॅप ब्रिजला खालीच धरून ठेवतात. म्हणजे सगळा खेळ सुरू होण्याच्या क्रमाचा! ब्रिज लेयर दोनवरचा, म्हणजे आयपीच्या खालच्या पातळीवरचा, त्यामुळे 'पॅकेट मोठं आहे' असा आयसीएमपी निरोपही कुणाला जात नाही.

मग एनएफएस मधूनच का चालायचं? जीआरओमुळे, म्हणजे लागोपाठ आलेली पॅकेटं जोडून एक करण्याच्या कर्नलच्या सोयीमुळे. कार्डावर एकत्र जोडलेली टीसीपी पॅकेटं ब्रिज लांबी न तपासता पुढे सोडतो. एकटं पडलेलं मोठं पॅकेट मारतो. ईथटूलने (कार्डाची सेटिंग बदलणारी कमांड) जीआरओ बंद केला तेव्हा गोठणं दरवेळी होऊ लागलं. तेव्हा झालेला आनंद काय सांगू!

उपाय: प्रत्येक इंटरफेसला एक्सएमएलमध्ये ९०००, आणि ब्रिजवरही ९००० हाताने. हाताने दिला की कर्नल तो स्वतःहून बदलत नाही. व्हर्टआयओ (गेस्टचं आभासी नेटवर्क कार्ड) हा आकडा गेस्टला आपोआप कळवतं, आत वेगळं काही करावं लागत नाही. आता क्रम कसाही असो, पिंग जातं आणि येतंही.

पुढचा बेत दहा गिगच्या (सेकंदाला दहा गिगाबिट) कार्डाचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय, जुनं व्हीएम आणि जम्बो एका ब्रिजवर ठेवायचेच कशाला? कार्डाचं दुसरं पोर्ट रिकामंच आहे. त्यावर फक्त स्टोरेजचा ब्रिज, ९०००, गेटवे नाही; राउटरकडचा ब्रिज १५००वर. गेस्टना दोन-दोन व्हर्टआयओ कार्डं. दहा गिग पावसाळ्यानंतर बघू, नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत आणखी एक तापणारी वस्तू नको. या रविवारी दुसरा ब्रिज उभा करतो. कुणी नेटवर्कडीने (लिनक्सची नेटवर्क मांडणारी सिस्टमडीची सेवा) दोन ब्रिज वेगवेगळ्या एमटीयूवर चालवत असाल तर तुमची कॉन्फिग फाइल टाका.