पद्मिनी अपडेट: मागच्या चाकावरची कमान

उजव्या बाजूची कमान एकदाची जागेवर बसली. गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. कमानीच्या आत चिखल साचून पत्र्याची चाळण झाली होती आणि वरून कुणीतरी बोटभर जाड लांबी (पुट्टी) थापली होती. सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे कापलेले तुकडे मिळतात, पण ते बहुतेक टॅक्सीचे आणि नेमके याच जागी सडलेले. त्यात २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचीही मुदत संपली. तेव्हा हातानेच घडवायची ठरवली.

पत्रा २० गेजचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी पत्रा), साधारण ०.९ मिमी. 'जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) घ्या, गंजत नाही' असं सांगणारे भेटतातच. वेल्डिंगला जस्ताचा धूर नाकात गेला की कळतं. पुठ्ठ्याचा साचा डाव्या बाजूवरून काढला, पण दाराच्या रेषेशी ताडून मगच पत्रा कापला. या गाडीच्या दोन बाजू जुळ्या नाहीत.

खरा कस लागतो तो कमानीच्या दुमडीला, म्हणजे आत वळवलेल्या कडेला. बरेच मिस्त्री कात्रीने खाचा मारतात, पाकळ्या आत वळवतात आणि फटी वेल्डिंगने भरतात. काम झटपट होतं, पण प्रत्येक खाच म्हणजे गंजाला आवतण. इथे कड आत वळताना आखूड पडते, म्हणून ती ताणावी लागते. त्यामुळे आधी कानशीने कड अगदी गुळगुळीत केली. कात्रीची खरखर राहिली तर चीर तिथूनच सुटते. मग जाड पट्टीतून कापलेल्या साच्यावर पत्रा सी-क्लॅम्पने आवळला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडा थोडा वळवत नेला. एका फेरीत काटकोन करायला जायचंच नाही. हातोडीचा बदबद आवाज टणटण व्हायला लागला, की पत्रा कडक झाला समजायचं. गॅसने लालसर तापवून सावकाश गार होऊ द्यायचा आणि पुढे चालू. वरचा फुगवटा मात्र त्याआधीच वाळूच्या पिशवीवर मोगरीने काढून घेतला होता, कारण दुमड झाली की पत्रा ताठतो.

(सोसायटीत दोन ते चार ठोकाठोकी बंद. त्या वेळात कानसकाम.)

जोड कडेला कड लावून, टिगने (टंगस्टनच्या टोकाचं गॅस वेल्डिंग नव्हे, विजेचं वेल्डिंग). पत्र्यावर पत्रा चढवला की मध्ये ओल धरते, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. टाके (वेल्डिंगचे ठिपके) एकमेकांपासून लांब घेतले. टाका गार होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा आत ओढतो, म्हणून तो घासून, खाली डॉली (हातात धरायची छोटी ऐरण) धरून ठोकला की पत्रा परत वर येतो. मिगचा (तार सोडणाऱ्या वेल्डिंगचा) टाका कडक असतो, ठोकून घेत नाही. उघडा पत्रा या हवेत रात्रीत तांबूस होतो, म्हणून रोज तेलाचा हात आणि वेल्डिंगआधी थिनरचं फडकं.

आता डाव्या बाजूचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी. माझ्या गाडीत मापाला धरावं असं काही उरलेलं नाही. कुणाकडे मूळ सिल शाबूत असेल तर पुठ्ठा घेऊन येतो, वडापाव माझ्याकडून.