फॉर्मवर सगळेच ‘पूर्ण सहमत’

मंगळवार, रात्र

आयक्यूएसीसाठी, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षासाठी, एफ.वाय.च्या मुलांकडून गूगल फॉर्म भरून घेतला. मिश्र पद्धतीने, म्हणजे थोडं वर्गात आणि थोडं मोबाइलवर इंग्रजी शिकणं कसं वाटतं? बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत ‘पूर्ण सहमत’ ठोकलंय. एक पठ्ठ्या ‘मोबाइलमुळे अभ्यास सोपा होतो’ यालाही पूर्ण सहमत आणि ‘मोबाइलमुळे लक्ष विचलित होतं’ यालाही. मला तोच सगळ्यांत खरा वाटला. अहवालाच्या सरासरीत त्याचा पत्ता लागणार नाही.

स्टाफरूमचं मत कुठल्याच फॉर्मवर येत नाही. कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं यूजीसीच्या मे २०२१च्या मसुद्यात होतं. तेव्हापासून आमच्याकडे ४० म्हटलं की आधी वर्कलोड आठवतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं. तास कमी भरले की पदावरच प्रश्न. सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, तर पैसेच तासाचे. एकदा रेकॉर्ड केलेलं लेक्चर पुढच्या वर्षी पुन्हा लावलं, तर त्याचे पैसे कोण देणार? आमच्याकडचे सीएचबीवरचे सर व्याकरणाचे फार छान व्हिडिओ करतात आणि स्वतःजवळच ठेवतात. म्हणाले, “मॅडम, हे कॉलेजला दिलं तर मला कशाला बोलावतील?” कार्यशाळेत येणारे पाहुणे याला ‘तंत्रज्ञानाबद्दलची भीती’ म्हणतात. पाहुण्यांची नोकरी कायम असते.

मुलींचं वेगळंच. वर्गात इंग्रजीत दोन वाक्यं बोल म्हटलं की ओढणी तोंडाशी जाते. काळ चुकला की मागच्या बाकावरून खसखस. त्याच मुली व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतात. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी हाका, पण वाक्य पुरं करतात. पाठवण्याआधी कितीदा पुसून पुन्हा बोलल्या असतील कोण जाणे. एकीने खाली लिहिलं होतं, ‘उशीर झाला मॅडम, दादाचा मोबाइल नऊनंतर मिळतो.’

मग वाटतं, बोलणं घरी जावं आणि वाचन वर्गात यावं. चाललंय नेमकं उलट. पीडीएफ ग्रुपवर आणि वर्गात आमचं व्याख्यान. कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या शिक्षकांनी २००७च्या सुमारास व्याख्यानं रेकॉर्ड करून मुलांना घरी बघायला दिली आणि वर्गातला वेळ कामासाठी मोकळा केला. त्यांचा दाखला प्रत्येक कार्यशाळेत मिळतो. ते रसायनशास्त्र शिकवत होते, मुलांना कळणाऱ्या भाषेत. इंग्रजीत समजावलेलं इंग्रजी घरी एकटीने ऐकून कळत असतं, तर पोरगी एसटीचा पास काढून माझ्या तासाला कशाला आली असती? तिच्यासोबत धडा वाचताना कुठल्या ओळीवर भुवया आकसल्या ते दिसतं. तिथे थांबते, सरळ मराठीत सांगते, पुढे जाते.

आता व्हॉइस नोट्स ऐकत बसलेय. प्रत्येकीला दोन शब्द उलट बोलून पाठवायचे, नाहीतर पुढच्या वेळी येत नाहीत. हा वेळ वर्कलोडच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचा, ते उद्या विभागप्रमुखांना विचारणार आहे. हसतील. तरी लेखीच विचारते.