मस्कत ते सलाला, किनाऱ्याकिनाऱ्याने: हासिकला डांबर संपायचं, त्याच्या पुढचा रस्ता

2012 च्या डिसेंबरात आम्ही दक्षिण ओमानमध्ये सलालाहून हासिकपर्यंत गेलो होतो. मिरबात, सदाह, हदबीन अशी गावं मागे टाकत दोनेकशे किलोमीटर आल्यावर हासिक लागलं. त्याच्या थोडं पुढे गेलो आणि डांबर संपलं. डावीकडे जबल समहानचा कडा, उजवीकडे अरबी समुद्र, आणि दोघांच्या मध्ये नुसते दगड. तिथे एक माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. पुढे काय आहे, असं नवऱ्याने विचारलं. त्याने हात लांब करून "शुवैमिया" एवढंच सांगितलं आणि मग तोच हात पाण्याकडे वळवला. म्हणजे जायचं तर होडीने. गाडीने जायचं तर सलालाला परत, डोंगर चढून थुमरैत, तिथून वाळवंटातून मरमूल, शलीम आणि मग पुन्हा खाली किनाऱ्यावर. समोर दिसणाऱ्या डोंगराच्या पलीकडच्या गावाला जायला अख्खा दिवस.

गेल्या दशकात तो डोंगर फोडून रस्ता झाला. या जानेवारीत आम्ही मस्कतहून निघून किनारा न सोडता सलाला गाठलं. वळसे धरून गाडीच्या मीटरवर चौदाशे किलोमीटरच्या आसपास भरले. आतला सरळ रस्ता अदम, हैमा, थुमरैत असा साधारण हजार किलोमीटरचा आहे. खरीफमध्ये, म्हणजे सलालाच्या पावसाळ्यात, मस्कतचे सगळे त्यानेच जातात आणि एका दिवसात पोचतात. किनाऱ्याला मात्र किमान तीन रात्री द्या. आम्ही चार दिल्या, तरी कमी पडल्या.

मस्कत ते सूर यावर फार लिहीत नाही. एक्सप्रेसवे आहे, दोन तासांत होतं, वाटेतलं बिम्मा सिंकहोल आणि वादी शाब सगळ्यांना माहीत आहे. कासवं बघायची असतील तर रास अल जिंझला मुक्काम आधीच ठरवून ठेवा. आम्ही थेट अश्खरा गाठलं आणि तिथे जेवलो.

खरा प्रवास अश्खरापासून सुरू होतो. शर्किया वाळवंटाच्या टेकड्या इथे अगदी समुद्रापर्यंत येतात. एका बाजूला वाळूचे डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा, मधून रस्ता. वारा सुटला की वाळू डांबरावर येते. लांबून ती रस्त्यावरच्या सावलीसारखी वाटते, आणि गाडी ऐंशीच्या वेगाने त्यात शिरली की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. वाळू हटवायला यंत्रं असतात, पण ती येईपर्यंत तुम्हीच असता. त्यामुळे अशी सावली दिसली की आधीच वेग कमी करा आणि वाळूत असताना ब्रेक दाबू नका. वाऱ्याच्या दिवशी दुपारपेक्षा सकाळ बरी.

पुढे बर्र अल हिकमानचं सपाट मैदान आहे. हिवाळ्यात इथे लाखो स्थलांतरित पक्षी उतरतात. भरती-ओहोटीच्या चिखलात चोच घालून धावणारे ते लहान लहान पक्षी बघायला दुर्बीण नक्की घ्या. पण रस्ता सोडून गाडी आत घालू नका. जमीन पापडासारखी कोरडी दिसते आणि खाली ओला मिठाचा चिखल असतो. त्याला इथे सबखा म्हणतात. फोर व्हीलसुद्धा त्यात धुरीपर्यंत रुतते. आधीच्या ताज्या चाकोऱ्या दिसल्या तरी स्थानिक माणूस बरोबर नसेल तर जाऊ नये. पहिली रात्र महूतला काढली. साधं हॉटेल, स्वच्छ चादरी. इथे याहून जास्तीची अपेक्षा नको.

दुसऱ्या दिवशी दुक्म. कधीकाळी हे मासेमाऱ्यांचं लहान गाव होतं. आता बंदर, जहाजदुरुस्तीची गोदी, रिफायनरी, रुंद रस्ते आणि त्यांच्यावर अजून न वसलेल्या वस्तीचे दिवे. रॉक गार्डनमधले वारा-पाण्याने कोरलेले खडक बघून घ्या, अर्धा तास पुरतो. दुक्मचं महत्त्व वेगळं आहे. सामान, औषधं, टायर, सगळं भरपूर मिळेल असं पुढच्या वाटेवरचं हे शेवटचं ठिकाण.

टायरवरून सांगते. निघण्याआधी मस्कतमध्ये गाडी तपासून घेतली होती. स्पेअरमध्ये हवा आहे, असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. सौकिराच्या अलीकडे मागचं चाक बसलं, स्पेअर काढला, तर तो हाताने दाबला जात होता. फोनला रेंज नव्हती. पहिली गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. एक म्हातारे ओमानी गृहस्थ पिकअपमधून उतरले, काही न विचारता सीटखालून कंप्रेसर काढला आणि बॅटरीला जोडून हवा भरून दिली. पैशांचं नाव काढल्यावर त्यांना राग आला. "उख्ती (बहिणी), हे वाळवंट आहे," एवढंच मला म्हणाले. तेव्हापासून बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत असतो, आणि स्पेअरची हवा मी स्वतः गेज लावून बघते. तुम्हीही स्वतः बघा. माणशी रोजचं पाच लिटर पाणी आणि वर एक जादा कॅन ठेवा. दुक्मनंतर जिथे पंप दिसेल तिथे टाकी भरा, काटा कुठेही असो. वाटेतल्या पंपावर पेट्रोल संपलेलंही असू शकतं.

मला या लेखात सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. डांबर इतकं छान आहे की आपण पुणे-मुंबईच्या रस्त्यावर असल्यासारखे बिनधास्त होतो. पण पंप, दवाखाना, माणूस यांच्यातली अंतरं पूर्वी होती तेवढीच आहेत. पूर्वी कच्च्या वाटेने जाणारे दोन गाड्यांनी जायचे, दोरखंड-फावडी घेऊन जायचे. आता लोक एका सेडानमध्ये, दोन पाण्याच्या बाटल्यांवर निघतात. रस्त्यासाठी सेडान पुरते, हे खरं आहे. फोर व्हील फक्त वाळूत किंवा वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, शिरायचं असेल तर लागते. तयारी मात्र जुन्या काळचीच हवी.

आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. उंटाचे पाय लांब आणि धड उंचावर, त्यामुळे हेडलाइटच्या उजेडात आधी दिसतात त्या चार काठ्या. धडक बसली तर धड थेट काचेवर येतं. दुक्म आणि शलीमच्या मध्ये आम्ही दिवसाउजेडी रस्त्यावर बसलेले उंट बघितले. ते हॉर्नला उठत नाहीत. थांबायचं, ते उठतात तेव्हा निघायचं.

दुसरी रात्र रास मदरकाजवळ तंबूत काढली. काळे खडक, पांढरी वाळू आणि रात्रभर वारा. तंबूच्या खुंट्या लांब घ्या, साध्या खुंट्या वाळूत राहत नाहीत. भरतीच्या रेषेच्या वर तंबू लावा, आणि आभाळ कितीही निरभ्र असलं तरी वादीच्या पात्रात झोपू नका. पाऊस डोंगरावर कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं.

पहाटे होड्या लागल्या तेव्हा आम्ही किनाऱ्यावरच होतो. माझा नवरा मालवणचा. पिकअपच्या हौद्यात बर्फावर टाकलेली सुरमई बघून तो गप्पच झाला. हातभर लांब, पाठीवर निळसर झाक, पोटाला चांदी, आणि डोळा अजून काचेसारखा स्वच्छ. इथे तिला कनद म्हणतात. 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, त्यामुळे हिवाळ्यात ती भरपूर असते. बांगलादेशी कामगार आकड्याने मासे ओढून तोलत होते आणि शीतगृहाचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. पलीकडे वाळूवर तारली सुकत घातली होती. ती उंट-बकऱ्यांच्या खाण्याची. "आपल्याकडे जाळ्याला लागते तीच ही," नवरा म्हणाला, आणि समोरच्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर त्याचं घर आहे.

शुवैमियाला पठारावरून उतरताना गाडी बाजूला घ्याच. खाली लांबलचक अर्धवर्तुळाकार किनारा, त्याच्या एका टोकाला गाव आणि मागे पांढऱ्या कड्यांची भिंत. गावामागून वादी आत जाते. तिथे कड्यांवरून पाझरणाऱ्या पाण्याने दगडाचे पडदे तयार झाले आहेत, खाली खजुरी आणि लहान डोह. वादीत जायला फोर व्हील लागते. आम्ही गाडी अलीकडे लावून पहाटे चालत गेलो, तेही छान झालं.

मल्याळी माणसाच्या कॉफी शॉपमध्ये परोटा, अंडं आणि करक चहा मिळाला. शेजारच्या बाकावर गावातले एक वृद्ध बसले होते. आमचं मोडकं अरबी आणि त्यांच्या नातवाचं इंग्रजी यांवर तासभर गप्पा झाल्या. त्यांच्या बायकोला पूर्वी एकदा सलालाच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, तेव्हा वाळवंटातून वळसा घालत दिवस मोडला होता. आता नातू तीन तासांत नेतो. मासे ताजे पोचतात, भाव मिळतो, मुलं शुक्रवारी घरी येतात. "रस्ता चांगलाच," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की पूर्वी जो यायचा तो रात्री राहायचाच, त्याला घरी जेवायला न्यावं लागायचं. आता गाड्या समोरून निघून जातात, आणि किनाऱ्यावर कोळसा आणि प्लास्टिक मागे राहतं. ते ऐकून मला मनापासून वाईट वाटलं. कारण किनाऱ्यावरच्या एका चुलीभोवती पडलेल्या पाकिटांवर मी आपल्याच देशातली नावं वाचली होती. एक मोठी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा, आणि सलालापर्यंत तुमचा कचरा तुमच्याच डिकीत राहू द्या. जमलं तर शुवैमियाला एक रात्र थांबा. दुकानात काहीतरी विकत घ्या. ते लोक अजूनही थांबलेल्या माणसाला चहा पाजतात.

तिथून हासिकपर्यंतचे ऐंशी-नव्वद किलोमीटर हाच तो नवा रस्ता. कधी समुद्राला लागून, कधी डोंगर कापून वर. कापलेल्या कड्यात दगडांचे थर उघडे पडलेत. पाऊस होऊन गेल्यावर लगेच इथून जाऊ नका, दरडी येतात. गाडी वळणावर न थांबवता ठरलेल्या जागीच उभी करा. हासिकच्या अलीकडे नतीफला कड्यावरून रस्त्याच्या कडेलाच पाणी ठिबकतं, शेवाळ आणि दगडी झुंबरं दोन्ही एकत्र. वरचं जबल समहान हे अरबी बिबट्याचं राखीव रान आहे. बिबट्या दिसणार नाही, पण तो वर कुठेतरी आहे या जाणिवेने मान सारखी वर जाते.

समुद्रात हल्लानियात बेटं आहेत. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतली दोन जहाजं, त्याच्या मामाच्या हाताखालची, 1503 मध्ये तिथे बुडाली. वारा फिरणार आहे, जहाजं हलवा, असं तिथल्या मासेमाऱ्यांनी सांगितलं होतं. पोर्तुगीजांनी ऐकलं नाही. त्या जागी सापडलेल्या घंटेवर 1498 हे साल आहे. वाळू, वादी, भरती याबद्दल इथला माणूस काही सांगत असेल तर मी तरी ऐकते.

हासिकजवळ लुबानची, म्हणजे धुपाच्या सुगंधी डिंकाची, झाडं दिसायला लागली. मी परतवाड्याची, मेळघाटच्या पायथ्याची. आमच्याकडच्या सालईच्या झाडाचा कागदासारखा सुटणारा पापुद्रा लहानपणापासून हाताने सोलला आहे. इथल्या खोडावर तोच पापुद्रा बघितला आणि मी गाडी थांबवायला लावली. लुबान ही सालईची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. आपला लोबान हा शब्दही या लुबानवरूनच आला. जुन्या खाचेखाली एक पिवळट पांढरा खडा पडला होता. तो बोटांत चुरला तर लिंबाच्या सालीसारखा वास आला, आणि घरातल्या संध्याकाळच्या धुपाचाही. झाडांना खाच पाडू नका, डिंक ओरबाडू नका. ती झाडं कुणाची ना कुणाची असतात, पिढ्यान्‌पिढ्या. हवा तर सलालाच्या हाफा बाजारात विकत घ्या.

बायकांसाठी थोडं. स्वच्छतागृहं पेट्रोलपंपांवर आणि मशिदींच्या बायकांच्या बाजूला मिळतात, पण मधली अंतरं मोठी आहेत. पाणी, साबण, कागद आणि एक मोठी ओढणी गाडीत ठेवा. गावात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि बायकांचे फोटो अजिबात काढू नका. मी बराच वेळ एकटी चालवत होते, कुठेही अडचण आली नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, रोख रियाल ठेवा, आणि ओमानचा आपत्कालीन क्रमांक 9999 लक्षात ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. खरीफमध्ये सलालाचे डोंगर हिरवे असतात, पण या पट्ट्यात तेव्हा नुसता वारा आणि खवळलेला समुद्र.

दिशेबद्दल एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ओमानमध्ये गाडी उजवीकडून चालते. मस्कतहून जाताना समुद्र डावीकडे राहतो आणि दर वेळी थांबायला समोरची लेन ओलांडावी लागते. सलालाहून निघालात तर समुद्र आपल्याच बाजूला असतो. नोव्हेंबरात आम्ही आतल्या रस्त्याने सलालाला जाऊन किनाऱ्याने परत येणार आहोत, सासूबाईंना घेऊन. शुवैमियाला दोन रात्री.