वॉकरचे रबरी बूट

वॉकरच्या चार पायांखाली काळ्या रबराची जी टोपणे असतात, त्यांना आमच्या क्लबात ‘बूट’ म्हणतात. ती झिजून आतली नळी उघडी पडली की कोरड्या फरशीवर नुसती खरखर ऐकू येते. ओल्या मोरीत मात्र वॉकर माणसासकट घसरतो. नुकतेच खुब्याचे ऑपरेशन झालेल्या आजींच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. बुटांचा एक संच ज्या किमतीला येतो, तेवढ्यात आमच्या गुरुवारच्या सभेनंतर एका टेबलाची भजी होतात, आणि तरीही गेल्या सहा वर्षांत मी क्लबात सर्वांत जास्त भांडले असेन तर ते या बुटांवरून.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा रोटरी क्लब आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सभासद झाले आणि ‘मॅडमना हिशेबाची सवय आहे’ एवढ्याच गुणावर रुग्णोपयोगी साहित्य केंद्राची वही माझ्याकडे आली. महाराष्ट्रात रोटरी, लायन्स, जायंट्स यांचे कितीतरी क्लब असे केंद्र चालवतात आणि पद्धत साधारण सारखीच असते. वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, पाठ आणि गुडघे वर उचलता येणारी फाउलर खाट, अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड, यांपैकी जे हवे ते अनामत भरून घरी न्यायचे, गरज संपली की आणून द्यायचे आणि अनामत परत घ्यायची. भाडे नाममात्र असते किंवा मुळीच नसते. घरातले कुणी पडले की ही गरज एका दुपारीत उभी राहते आणि बहुधा काही महिन्यांत सरते. ज्यांना खाट विकत घेणे परवडते, त्यांनाही ती नंतर ठेवायची कुठे हा प्रश्न असतोच. म्हणून माझ्या वहीत शेतमजुरापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची नावे आहेत.

खाट मिळवणे अवघड नाही. आईच्या स्मरणार्थ, वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त देणारे भेटतात, आणि मनापासून देतात. अवघड आहे ते ती खाट पाचव्या घरी जाईपर्यंत धड ठेवणे. चाकाच्या खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांत केस आणि दोरे गुंडाळले जाऊन ती अडकतात. ते ब्लेडने कापून काढावे लागतात. खाटेची दांडी वाकते. एअर बेडच्या पंपाची नळी कुणीतरी पलंगाच्या पायाखाली चिरडून आणतो. आमच्याकडे हे सगळे निभावते, याचे कारण सभासदांपैकी एकाचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, एकाचा टेंपो आहे, आणि ज्याचे औषधांचे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते त्याच्या गल्ल्यात गोदामाची किल्ली असते. यांपैकी कुणालाही मी ‘सेवा म्हणून’ फोन करत नाही. गुरुवारी शेजारी बसून भजी खाल्लेली असतात, त्या ओळखीवर करते.

रोटरीचा उगम याच क्रमाने झाला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने ज्या तिघांबरोबर पहिली बैठक भरवली, त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले, आणि एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा हा दंडक पुढे बरीच वर्षे चालला. लहान गावात वाढलेल्या हॅरिसला मोठ्या शहरात एकटेपण जाणवत होते. त्याला आधी मित्र हवे होते. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून क्लबाने खटपट सुरू केली, ती १९०७ मध्ये. ‘तुमचा क्लब म्हणजे खाणेपिणे’ असे जे टोमणे मारतात, त्यांचे निरीक्षण चूक नाही. त्या खाण्यापिण्यातूनच टेंपो मिळतो, एवढेच त्यांना दिसत नाही.

(जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवते. रोटरीच्या नियमांतून ‘केवळ पुरुष’ ही अट १९८९ साली गेली. आमच्याकडे सभासदांच्या पत्नीला अजूनही ‘अ‍ॅन’ म्हणतात, आणि मी स्वतः सभासद असूनही पहिले वर्षभर मला ‘कुणाची अ‍ॅन?’ असे विचारले जाई.)

खरी अडचण आहे ती १ जुलैची. त्या दिवशी रोटरीचे वर्ष सुरू होते, अध्यक्ष बदलतो, पदग्रहण होते आणि प्रत्येक नव्या अध्यक्षाला ‘माझ्या वर्षात’ काहीतरी नवे करायचे असते. नव्या दहा खुर्च्यांच्या वाटपाचा फोटो निघतो, मागे फ्लेक्स लावता येतो. जुन्या दहा खुर्च्यांची चाके साफ केल्याचा फोटो कोण काढणार? यात कुणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही, वर्षभराच्या मुदतीचा तो स्वभाव आहे. पण रोटरीने पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ साली हाती घेतली, भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ रोजी मिळाले. तोवर क्लबांमध्ये एकामागून एक अध्यक्ष येऊन गेले होते. आमचे जुने सभासद बूथवर बसून पोरांच्या करंगळीला शाई लावत, त्यांना ते कुणाचे वर्ष चालू आहे हेही धड आठवत नाही.

बुटांचे भांडण याच मुद्द्यावर होते. दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवा, असे मी तीन जुलैंत सांगून पाहिले. शेवटी उपाय निघाला तो सभेतल्या दंडाच्या डब्यातून. आमच्याकडे सार्जंट अ‍ॅट आर्म्स नावाचा एक अधिकारी असतो. उशिरा येणे, सभेत फोन वाजणे, बॅज विसरणे यांसाठी तो दहा-वीस रुपये उकळतो. नातू झाला, मुलगी सीए झाली, की लोक आपखुशीनेही त्यात टाकतात. हे पैसे पूर्वी वर्षाअखेरीच्या सहलीत जात. ते दुरुस्तीला द्यावेत, असे फॅब्रिकेशनवाल्यांनी सुचवले आणि लगेच जाहीर केले, की आता उशीर करण्यालाही पुण्य लागेल. ठराव हशात मंजूर झाला. गंभीरपणे मांडला असता तर झाला नसता, असे मला वाटते.

२०२१ च्या उन्हाळ्यात आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आता कोपऱ्यात उभे असतात. बंद ठेवले तर आतल्या गाळणीतले खनिज दमट होऊन निकामी होते, म्हणून मी ते अधूनमधून तासभर चालू ठेवते. त्यांची घरघर चालू असताना वही भरणे हे माझे ठरलेले काम आहे.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ फाउलर खाट आणि कमोड खुर्ची परत घेऊन आले. खुर्ची धुऊन, पुसून, सुतळीने बांधलेली. तिची बादली वेगळ्या पिशवीत. मी पावती शोधेपर्यंत ते त्याच खाटेच्या कडेवर बसून राहिले. “मॅडम, खालच्या हँडलचा एक नट पडला होता, मी बाजारातून दुसरा आणून लावलाय. फिरवून बघा,” ते म्हणाले. मी फिरवून पाहिले. पाठीचा भाग सावकाश वर आला, तसाच खाली गेला. अनामत मोजून घेतल्यावर त्यांनी त्यातली एक नोट परत टेबलावर ठेवली, ‘कशाची पावती करू?’ असे विचारायच्या आत ते जिना उतरून गेले. वहीत ‘परत’ या रकान्यात मी फक्त तारीख लिहिते.

ती खाट आठव्या दिवशी दुसऱ्या घरी गेली. निरोप आला तेव्हा नेमकी गुरुवारची सभा चालू होती आणि माझाच फोन वाजला. सार्जंटने डबा पुढे केला. मी वीस रुपये टाकले आणि बाहेर जाऊन टेंपोवाल्यांना खूण केली.