बेन ऑल्डर, डॅल्व्हिनीहून सायकलने: जूनची सुधारित आखणी

बेन ऑल्डर हा स्कॉटलंडच्या हायलँडमधला डोंगर. डॅल्व्हिनी स्टेशनपासून त्याच्या पायथ्याच्या कल्रापर्यंत साधारण १५ किमी. एवढं अंतर पायी कापलं तर जाऊन-येऊन सहा तास त्यातच जातात, डोंगराला दिवस उरत नाही. सायकलने हेच अंतर दीड तासाच्या आत होतं. रेल्वेगाडीत सायकलला जागा मोजक्याच असतात, आधी आरक्षण करा.

लॉख (तळं) एरिक्टच्या काठाने बेन ऑल्डर लॉजपर्यंतचा रस्ता पक्क्या खडीचा, फारसा चढ नाही. पुढे वाट माळावर चढते, लॉख पॅटकवरून कल्राला पोहोचते. आधी ४० मिमीचे टायर होते, आता ५० मिमीचे चढवलेत. ट्यूब घातली असेल आणि चालवणारा ७५ किलोचा असेल, तर हवेचा दाब पुढे ३०, मागे ३४ पीएसआय. यापेक्षा कमी हवा नको. हायलँडमधल्या अशा वाटांवर पाणी वाहून जायला आडव्या चरी असतात. वेगात त्यांच्या काठावर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच पॅच लावून हवा टिकत नाही ती यामुळेच. चरीआधी ब्रेक, चरीवर ब्रेक सोडून पार्श्वभाग सीटवरून उचललेला. परतीच्या उतारावर हात थकलेले असतात, तिथे हे जास्त जपायचं. सायकलला सपाट पेडल लावा, म्हणजे डोंगरातलेच बूट चालतात.

कल्राची बॉथी, म्हणजे डोंगरातली साधी निवाऱ्याची झोपडी, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे बंद आहे, आसरा म्हणून तिला धरू नका. सायकली इथेच ठेवायच्या. पुढे रेटण्याचा मोह टाळा, दलदलीत सायकल ओझंच होते.

चढाईला लॉन्ग लेआखसची सोंड उत्तम: खालून रुंद, वर अरुंद आणि कातळाची, काही ठिकाणी हात लावावे लागतात. ओल्या दगडावर सावकाश. माथा १,१४८ मीटर. पठार इतकं विस्तीर्ण आहे की धुक्यात दिशाच कळत नाही, आणि पूर्वेच्या कड्यावर बाहेर झुकलेली बर्फाची पाखं जूनपर्यंत टिकू शकतात. कडा डाव्या हाताला, पण चांगला लांब ठेवून दक्षिणेकडे, मग आग्नेयेला बेआलख ब्रेबागच्या खिंडीत (८३३ मीटर) उतरायचं. तिथून शेजारचं शिखर बेन व्ह्योल (१,०१९ मीटर) करून उत्तरेला कल्राकडे. नेस्मिथच्या नियमाने, म्हणजे ५ किमीला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक, हा फेरा साडेचार तासांचा निघतो. धोंडे आणि विश्रांती धरून सात तास ठेवा. जूनअखेरीस दहापर्यंत उजेड असतो, पण शेवटची गाडी त्यासाठी थांबत नाही.

मिज, म्हणजे चावणारे बारीक कीटक, वारा पडला की तुटून पडतात. जेवण सोंडेवर वाऱ्यात करा, तळ्याकाठी नको. पंक्चर काढायची वेळ आली तर डोक्यावर जाळी हवीच; दोन्ही हात अडकलेले असताना कीटक पळवणारं औषध पुरत नाही. उतरल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड शोधा. सापडल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.