इतके प्रश्न का विचारता?

‘चालत नाही म्हणून कळवलं, तर तुम्ही उलट आम्हालाच दहा प्रश्न विचारता. दुरुस्त करायचं सोडून ही उलटतपासणी कशासाठी?’ वाचनालयांच्या सॉफ्टवेअरचं काम करायला लागल्यापासून हे मी फोनवर सतत ऐकतोय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

मला तुमचा संगणक दिसत नाही. ‘पावती निघत नाही’ म्हणजे नेमकं काय? बटण दाबल्यावर काहीच होत नाही, की पावती दिसते पण प्रिंटरवर येत नाही, की छापून येते पण नावाच्या जागी चौकोन येतात? तिन्ही बिघाड वेगळे, शोधायच्या जागाही वेगळ्या. म्हणून मी विचारतो: काय केलंत, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा लिहा, स्क्रीनशॉट पाठवा. आणि स्वतःचा तर्क बाजूला ठेवा. ‘सर्व्हर बंद असेल’ असं कुणी आधीच सांगितलं की माझा अर्धा दिवस सर्व्हर तपासण्यात जातो. यात तुमचा अपमान करायचा हेतू कधीच नव्हता.

तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथपाल ताईंनी मात्र हे सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

त्यांनी लिहिलं, ‘सभासद शोधामध्ये बोऱ्हाडे टाकलं. सात नावं यायला हवी होती, चारच आली. कुऱ्हाडे, गोऱ्हे यांचंही तसंच. जोशी, शिंदे सगळे सापडतात. ऱ असलेलीच नावं अडतात असं वाटतं.’ सोबत दोन स्क्रीनशॉट. मी माझ्या संगणकावर बोऱ्हाडे हे नाव भरलं, शोधलं, लगेच सापडलं. स्क्रीनशॉटमधली नावं अक्षरन् अक्षर बरोबर होती. मी उत्तर दिलं, ‘आमच्याकडे चालतंय. तर्क नको, घडलं तेवढंच कळवा. नावात जास्तीची स्पेस पडली असेल, पुन्हा टाकून बघा.’

त्यांनी पुन्हा टाकली. जुनी नोंद शोधून सापडतच नव्हती, म्हणून नवे सभासद म्हणून टाकली. मग ती सापडायला लागली, त्यांचा मेसेज यायचा थांबला आणि मी तक्रार बंद केली.

वर्षाच्या शेवटी तपासणीच्या आधी यादी निघाली, तेव्हा तीच माणसं दोनदा दिसली. सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान त्यांच्या वर्गावर ठरतं आणि वर्ग देताना सभासदसंख्याही पाहतात. कार्यकारिणीच्या बैठकीत एकानं सरळ विचारलं, अनुदानासाठी नावं फुगवलीत का? ताईंची तिथं एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. ‘नाव पुन्हा टाका, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना?’

दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो. त्यांच्या शेजारी बसून डेटा उघडला आणि अर्ध्या तासात कळलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ला स्वतःचा कोड आहे, ०९३१. जुन्या नोंदी ज्या कीबोर्डवर भरल्या होत्या, तो मात्र साधा र, त्याला हलन्त आणि पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह टाकायचा. डोळ्यांना दोन्ही ऱ्ह सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. स्क्रीनशॉटमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. मी डेटाची फाइल मागायला हवी होती. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची, एवढीच दुरुस्ती होती. चूक माझी आहे असं पत्र मी कार्यकारिणीला दिलं. ते बैठकीत वाचलं गेलं, पण तो प्रश्नही सगळ्यांसमोर विचारून झाला होता.

मग तर्क सांगू नका, असं अजून म्हणायचं का? दहापैकी नऊ तर्क मला भलतीकडेच नेतात, हे आजही खरं आहे. पण ताईंनी तर्कासोबत पुरावाही दिला होता, जोशी-शिंदे सापडतात हा. तो मी वाचलाच नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या वाचनालयातून मेसेज आला: ‘पावती निघत नाही.’ एवढाच. मी नेहमीचे प्रश्न पाठवले आणि खाली एक नवा जोडला, ‘तुम्हाला काय वाटतं, कशामुळे होत असेल?’ बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आली. त्याचं आलं नाही.